कॉलेजच्या क्लबचा पहिला ट्रेक: पाचनईहून हरिश्चंद्रगड, तयारीपासून परतीपर्यंत

क्लबची जबाबदारी नव्याने अंगावर आलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. गड चढणं तुम्हाला येतं, पण पंचवीस-तीस जणांना गडावर नेऊन धड परत आणणं हे वेगळं काम आहे. त्यातले निम्मे आयुष्यात पहिल्यांदा सॅक पाठीला लावणार असतात. एक गोष्ट आधीच पक्की करा: ही ट्रिप तुमच्यातल्या सर्वात हळू चालणाऱ्याची आहे. गड, वेळ, वाट, सामान, सगळं त्याच्या हिशेबाने ठरवायचं. पुढचे सगळे आकडे त्याच हिशेबाने दिले आहेत.

उदाहरणाला पुण्याहून निघणारा ३० जणांचा गट घेतला आहे: २२ नवे, ६ कार्यकर्ते, २ प्राध्यापक. गटात मुली असतील तर दोनपैकी एक प्राध्यापक बाई हव्यातच. मुंबई-नाशिकच्या क्लबांना रस्ता सोडून बाकी सगळं जसंच्या तसं लागू पडेल.

१. वाट आणि महिना ठरवा

हरिश्चंद्रगडावर जायच्या वाटा अनेक आहेत, आणि क्लबची पहिली चूक इथेच होते. कुणीतरी नळीच्या वाटेचा व्हिडिओ पाहिलेला असतो. नळीची वाट म्हणजे बेलपाड्याकडून, गडाच्या पश्चिमेच्या कोकणकड्याच्या बाजूने चढणारी घळ: मोठमोठे धोंडे, घसारा (सुट्या दगड-मातीचा निसरडा उतार), मधले कातळटप्पे आणि दिवसभराची चढाई. अनुभवी लोकांची ती वाट आहे, नव्यांच्या गटाची नव्हे. माळशेज घाटाजवळच्या खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे येणारी वाट सुंदर आहे, पण लांब आहे. खिंडीच्या वरच्या कातळावर रेलिंग लावलेलं असलं तरी नवख्यांची तिथे रांग लागते, आणि पुढे पठारावर टेकाडांमागून टेकाडं येत राहतात. धुकं असेल तर तिथे वाट चुकणं अगदी सोपं.

पाचनईची वाट सर्वात सोपी. गावातून सुरुवातीचा चढ, मग उंच कातळभिंतीच्या पोटातून जाणारी आडवी वाट, पुढे ओढा आणि झाडी, आणि मग थेट हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर. सरावलेला माणूस दोन तासांत पोचतो. तुमच्या गटासाठी तीन तास धरा.

महिना: नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पावसाळ्यात गड हिरवागार दिसतो म्हणून जुलै-ऑगस्टचा आग्रह होईल, पण पहिल्या ट्रेकला तो मानू नका. त्या आडव्या वाटेवर वरून दगड सुटतात, ओढा तासाभरात फुगतो, आणि गर्दीत आपली माणसं मोजता येत नाहीत. पावसाळ्यात जिल्हाधिकारी काही गड आणि धबधबे बंदही करतात. पूर्वी असे आदेश कलम १४४ खाली निघत, जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. बंदी मोडून गेलात तर गुन्हा तुमच्यावर दाखल होतो आणि अडचण कॉलेजची होते. मार्चनंतर कातळ तापतो आणि पाणी आटतं, तेव्हा तोही काळ सोडा.

२. आधी परवानग्या, मग पोस्टर

पोस्टर लावून, पैसे गोळा करून मग प्राचार्यांकडे जाणारे क्लब बरेच आहेत. उलट करा. ट्रेकच्या किमान तीन आठवडे आधी हे कागद तयार हवेत:

- प्राचार्यांना अर्ज. त्यात तारीख, ठिकाण, वाट, वाहन, सोबतचे प्राध्यापक आणि तासवार कार्यक्रम असावा. उत्तर लेखीच घ्या.
- सहभागींची यादी: नाव, वर्ग, रक्तगट, स्वतःचा आणि घरच्या दोघांचा फोन.
- पालकांचं संमतिपत्र. अकरावी-बारावीच्या मुलांना ते लागतंच, पण अठरा पूर्ण झालेल्यांकडूनही घ्या. मुलगा कुठे गेला आहे हे घरी ठाऊक असणं हा त्यातला खरा उपयोग. सही खरी आहे का हे पाहायला पालकांना एक फोन करा. घरी न सांगता येणारे दरवर्षी एक-दोन असतातच.
- आरोग्याची माहिती (पुढे सविस्तर).
- कॉलेजचं ओळखपत्र आणि आधारची प्रत.
- गटविमा. साध्या अपघात विम्यात साहसी खेळ वगळलेले असू शकतात. ‘ट्रेकिंग धरलं आहे का’ हे विमा कंपनीकडून लेखी मागा, एजंटाच्या तोंडी होकारावर थांबू नका.
- स्थानिक पोलीस ठाण्याला माहितीचं पत्र. एका पानाचं काम आहे, पण रात्री शोध घ्यायची वेळ आली तर तेच पान कामी येतं.

गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. हे अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. पाचनईत वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून प्रवेशशुल्क भरावं लागतं. पावती जपून ठेवा. शेकोटी, दारू, ड्रोन आणि स्पीकर चालणार नाहीत हे मुलांना बसमध्ये नव्हे, नाव नोंदवतानाच सांगा.

ट्रेक स्वतः न नेता एखाद्या व्यावसायिक संस्थेकडे सोपवणार असाल, तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे तिची नोंदणी झाली आहे का ते विचारा आणि प्रमाणपत्राची प्रत अर्जाला जोडा. ‘नोंदणी चालू आहे’ हे उत्तर म्हणजे नोंदणी नाही.

३. पैशांचा हिशेब

खर्चाचे दोन ढीग करा. पहिला, माणसं कमी-जास्त झाली तरी न बदलणारा: बस, वाटाडे, प्रथमोपचार पेटी. दुसरा, माणशी वाढणारा: जेवण, मुक्काम, शुल्क, विमा.

चूक होते ती पहिल्या ढिगात. समजा बस १८,०००, दोन वाटाडे ३,००० आणि पेटी व किरकोळ २,००० असे २३,००० झाले. २२ जणांत वाटले तर माणशी साधारण १,०४५ येतात, आणि क्लब तेवढेच घेतो. मग परीक्षेचं वेळापत्रक लागतं, चौघं गळतात आणि खड्डा कार्यकर्त्यांच्या खिशातून भरला जातो. म्हणून १८ जणांवर वाटा: माणशी १,२८०. वर उरले तर ट्रेकनंतर परत करा. हे आकडे फक्त रीत दाखवायला आहेत, भाव तुमच्या वेळचे घ्या. प्राध्यापक आणि वाटाडे यांच्या जेवणाचा खर्च धरायलाही विसरू नका.

पैसे परत कधी मिळतील आणि कधी नाही हे नोंदणीच्या कागदावरच छापा. ‘बस ठरेपर्यंत पूर्ण परत, नंतर फक्त जेवणाचे’ एवढं वाक्य पुरतं. तेवढं असलं की शेवटच्या आठवड्यातले वाद होत नाहीत.

४. माणसं निवडा आणि एकदा चालवून पाहा

आरोग्याच्या कागदावर ‘काही आजार आहे का?’ असा एकच प्रश्न विचारला तर सगळे ‘नाही’ लिहितात. नावं घेऊन विचारा: दमा, फिट्स, मधुमेह, हृदयाचा त्रास, मधमाशीची किंवा औषधाची ॲलर्जी, गेल्या सहा महिन्यांत हाड मोडणं किंवा शस्त्रक्रिया, रोजची गोळी. उंचीची भीती वाटते का हेही विचारा, कारण आडव्या वाटेवर एक बाजू उघडी आहे. कुणाला तरी वगळायचं म्हणून हा कागद नाही. दमा असलेली मुलगी इनहेलर घेऊन मजेत येऊ शकते. फक्त तो इनहेलर तिच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात असायला हवा, आणि तो कुठे आहे हे तिच्या गटप्रमुखाला माहीत हवं. कागद मात्र गटप्रमुख आणि प्राध्यापकांपुढे जाऊ देऊ नका. व्हॉट्सॲप गटावर त्याचा फोटो टाकणं तर मुळीच नको.

दोन आठवडे आधी सरावाची चाल ठेवा. पुण्यात सिंहगडाची आतकरवाडीहून जाणारी पायवाट उत्तम, मुंबईकरांना कर्नाळा. पाठीवर दोन बाटल्या पाणी आणि एक जाडजूड पुस्तक, एवढं वजन पुरे. सिंहगडाला पावणेदोन तासांच्या आत, बोलता येईल इतपत श्वास राखून जो वर येतो तो हरिश्चंद्रगड करेल. ज्याला अडीच तास लागले त्याला नाही म्हणू नका. दोन आठवडे रोज जिने चढायला सांगा, आणि गटाचा वेग त्याच्यावर बेता. सरावाला अजिबात न आलेल्याला मात्र ट्रेकला नेऊ नका. मित्र असला तरी.

याच दिवशी बुटांची तपासणी करा. कपाटात तीन-चार वर्षं पडलेल्या बुटाचा तळवा वरून धड दिसतो, पण त्याचा डिंक वाळलेला असतो आणि चढावर तळवा जबड्यासारखा उघडतो. हाताने वाकवून, ओढून पाहा. अगदी नवे बूटही नकोत, किमान वीस-पंचवीस किलोमीटर चाललेले हवेत. तळव्याला खोल खाचा आणि मऊ रबर हवं. गुळगुळीत तळव्याचे जॉगिंगचे बूट घसाऱ्यावर बर्फावरून घसरावेत तसे घसरतात.

५. जबाबदाऱ्या वाटा

सहा कार्यकर्त्यांची कामं नावानिशी लिहा:

- सर्वात पुढचा. वाट माहीत असलेला, पण सर्वात वेगवान नको. याच्या पुढे कुणीही जायचं नाही.
- सर्वात शेवटचा. गटातला सर्वात अनुभवी आणि शांत माणूस इथे ठेवा. बहुतेक क्लब उलट करतात: दमदार माणूस पुढे आणि जो उरला तो मागे. पण गोष्टी बिघडतात त्या मागे. पायात गोळा येणं, चक्कर, रडू, सगळं मागेच होतं.
- चार गटप्रमुख. प्रत्येकाकडे पाच-सहा नवे. त्यातला एक प्रथमोपचार सांभाळेल, एक पैसे आणि पावत्या.

प्रत्येक गटात जोड्या लावा. जोडीदार दिसत नसेल तर लगेच ओरडायचं. मोजणी तोंडाने करायची, १ ते ३०, प्रत्येकाने आपला आकडा म्हणायचा. डोकी मोजताना कुणी ना कुणी दोनदा मोजलं जातं. आकडे म्हटले की जो गप्प राहतो तो कळतो. बसमधून उतरल्यावर, प्रत्येक थांब्यानंतर, मंदिरापाशी, कड्यावरून निघताना, अशी सात-आठ वेळा मोजणी होईल. मुलं कंटाळतील, पण ती चुकवू नका.

६. बस आणि मुक्काम

पुण्याहून रस्ता आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ, पाचनई असा आहे. मुंबईहून कसारा, घोटी, राजूर असा. शेवटचा टप्पा अरुंद आणि वळणांचा, त्यामुळे ४९ आसनी मोठी बस नको. ३२ आसनी एक किंवा १७ आसनी दोन गाड्या घ्या. एसटी महामंडळाची गाडी ‘प्रासंगिक करारा’वर मिळते आणि शैक्षणिक सहलींना भाड्यात सवलत असते. त्यासाठी प्राचार्यांचं पत्र घेऊन आगारात वेळेत जा. खासगी गाडी असेल तर परवाना, विमा, फिटनेस आणि चालकाचा परवाना यांचे फोटो आधी मागवा.

आता सर्वात महत्त्वाचं. शुक्रवारी रात्री अकराला निघायचं, पहाटे पाचला पोचायचं, चहा पिऊन चढायला लागायचं आणि त्याच संध्याकाळी परत, ही पद्धत मोडा. मुलं बसमध्ये गात बसतात आणि झोपत नाहीत. न झोपलेलं शरीर दुपारी उतरताना गुडघ्यात वळतं. चालकाची अवस्था त्याहून वाईट: रात्रभर गाडी, दिवसा उन्हात गाडीत डुलकी, पुन्हा रात्री घाट. अशा ट्रिपमध्ये गडापेक्षा रस्ताच जास्त धोक्याचा असतो.

त्याऐवजी शनिवारी दुपारी १२ ला निघा, संध्याकाळी उजेडात किंवा अंधार पडता पडता पाचनईत पोचा, गावात मुक्काम करा आणि रविवारी पहाटे चढा. गावात घरगुती जेवण आणि झोपायला पडवी किंवा खोली मिळते. दोन आठवडे आधी फोन करा, दोन दिवस आधी नक्की आकडा सांगा, आणि ३० सांगून २६ गेलात तरी ३० ताटांचे पैसे द्या, कारण भाकरीचं पीठ त्यांनी तेवढं दळलेलं असतं. मुलींसाठी वेगळी खोली आणि शौचालय आहे का, हे फोनवरच विचारा. चालकालाही नीट झोपायला जागा हवी. ती तुम्ही मागितल्याशिवाय कुणी देणार नाही.

गडावर तंबूत राहायचा मोह होईल. पहिल्या वेळी नको. थंडीत पठारावर रात्रीचं तापमान १० अंशांखाली जाऊ शकतं, आणि ३० जणांच्या झोपायच्या पिशव्या, पाणी, अंधारात कड्याकडे भटकणारी मुलं हे सगळं सांभाळायला तुमच्याकडे अजून माणसं नाहीत. शिवाय मुक्कामाचे नियम बदलत असतात, वनखात्याला विचारल्याशिवाय काहीच गृहीत धरता येत नाही.

७. सामान

प्रत्येकाने:

- पाठीला बसणारी २५-३० लिटरची सॅक. एका खांद्यावरची झोळी किंवा हातातली पिशवी नको, दोन्ही हात मोकळे हवेत.
- पाणी ३ लिटर. एक लिटरच्या तीन बाटल्या बऱ्या, एक फुटली तरी दोन उरतात.
- पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण लांबीची पातळ पँट. जीन्स ओली झाली की वाळत नाही आणि मांड्या सोलते.
- टोपी, स्वेटर किंवा विंडचीटर, मोज्यांचे दोन जोड.
- टॉर्च आणि वेगळे सेल. मोबाइलचा टॉर्च टॉर्चमध्ये मोजायचा नाही.
- शिट्टी. धोक्याची खूण: मिनिटात सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं. मजेत शिट्टी वाजवायची नाही, हे बजावून ठेवा.
- सुका खाऊ: चिक्की, खजूर, गूळ-शेंगदाणे, दोन केळी. वेफर्स कमीच.
- स्वतःची औषधं, अंथरूण-पांघरूण, ताट-वाटी-पेला.
- पायाची नखं कापलेली. ऐकायला किरकोळ वाटतं, पण उतरताना वाढलेलं नख बुटावर आपटून काळंनिळं होतं आणि माणूस लंगडायला लागतो.

गटाचं: प्रथमोपचाराच्या दोन पेट्या (एक मधे, एक शेवटच्याकडे), १० सेंटिमीटर रुंदीच्या चार क्रेप पट्ट्या, दोन त्रिकोणी पट्ट्या, जखमेचं जाळीचं कापड, चिकटपट्टी, आयोडीनचं मलम, कात्री, चिमटा, हातमोजे, सॅनिटरी पॅड, ओआरएसची २० मोठी पाकिटं, पॅरासिटामॉल. बाकी गोळ्या कॉलेजच्या डॉक्टरांना विचारूनच भरा आणि कुणाला देण्यापूर्वी त्याचा ॲलर्जीचा रकाना वाचा. शिवाय उखडलेले बूट बांधायला पाच मीटर नायलॉनची दोरी आणि रुंद चिकटपट्टी, दोन पॉवर बँक, कचऱ्याच्या चार मोठ्या पिशव्या, एक खुरपं.

ओआरएसबद्दल एक चूक सर्रास होते. मोठं पाकीट, साधारण २१ ग्रॅमचं, पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं असतं. ते अर्ध्या बाटलीत ओतलं तर मीठ-साखर जास्त होऊन तहान आणि मळमळ वाढते. पाकिटावर किती पाणी लिहिलं आहे ते वाचा, लहान पाकिटं २०० मिलिलिटरचीही असतात.

चढाईचा मोठा दोर नेऊ नका. पाचनईच्या वाटेला तो लागत नाही, आणि बांधता न येणाऱ्याच्या हातातला दोर खोटा धीर देतो.

नाश्ता मंदिरापाशी स्वतः करणार असाल तर अभयारण्यातल्या आगीचा प्रश्न येतो. सोपा उपाय म्हणजे गावातूनच पोहे आणि दुपारची भाकरी-ठेचा डब्यात बांधून घ्या. गावात पोहे तुम्हीच करणार असाल तर ३० जणांना ३ किलो पोहे, दीड किलो कांदे, अर्धा किलो शेंगदाणे आणि पाऊण लिटर तेल पुरतं. पोहे एकदम भिजवू नका, किलोकिलोने भिजवा, नाहीतर खालचे लगदा होतात.

८. ट्रेकचा दिवस

जानेवारीत तिकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सव्वासहाला मावळतो. त्यावर बेतलेलं वेळापत्रक:

- ५:०० उठणे, चहा, शौच, बाटल्या भरणे
- ६:३० मोजणी, नाक्यावर नोंद, चाल सुरू
- ९:३० मंदिर, नाश्ता, केदारेश्वर
- ११:०० कोकणकड्याकडे (पाऊण तास)
- १२:३० कड्यावरून परत
- १:१५ मंदिर, जेवण
- २:०० उतरायला सुरुवात
- ४:३० गाव, ५:१५ बस

या तक्त्यात एकच वेळ पवित्र आहे: दुपारी २. तुम्ही कुठेही असा, कोकणकडा पाहून झालेला असो वा नसो, दोनला गट खाली वळतो. हे आदल्या रात्री सगळ्यांसमोर जाहीर करा, म्हणजे दुसऱ्या दिवशी वाद घालायला जागा उरत नाही. सकाळी मंदिरात पोचायलाच साडेदहा वाजले तर कड्यावरचा वेळ कापा. अकरा वाजून गेले असतील तर कडा सोडून द्या. कोकणकडा पश्चिमेला आहे, त्यामुळे ‘सूर्यास्त बघूनच जाऊ’ असं कुणीतरी म्हणणारच. त्याचा अर्थ तीन-साडेतीन तासांची उतरण अंधारात, दमलेल्या नवख्यांना घेऊन.

चालताना पहिला अर्धा तास मुद्दाम संथ ठेवा. थंड पायांनी धावत सुटलेला गट पाऊण तासात बसतो. पंचेचाळीस मिनिटं चाल, पाच मिनिटं थांबा. थांब्यावर पुढचे बसलेले असतात आणि मागचा पोचला की लगेच ‘चला’ होतं. मग ज्याला विश्रांतीची सर्वात जास्त गरज असते त्यालाच ती मिळत नाही. पाच मिनिटं शेवटचा माणूस पोचल्यावर मोजायला सुरुवात करा.

कातळाखालच्या आडव्या वाटेवर एकेरी रांग, दोघांत दोन हातांचं अंतर, सेल्फी नाही. पायाखालून दगड सुटला तर ‘दगड!’ असं ओरडायचं. खालच्याने वर बघायचं नाही, भिंतीला चिकटायचं.

मंदिर नीट वेळ देऊन पाहा, ते घाईत उरकायची गोष्ट नाही. जवळच्या केदारेश्वराच्या लेण्यात मोठं शिवलिंग आहे, भोवती बर्फासारखं गार पाणी आणि चारपैकी एकच खांब उभा. त्या पाण्यात उतरू देऊ नका. तळ शेवाळी आहे, आणि हे देवस्थान आहे. पुष्करणीतही तेच. पाण्याचा नियम तर पूर्ण ट्रिपभर एकच: कुठल्याही पाण्यात कुणीही उतरायचं नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका कॉलेजच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. पाण्यात थोडं खेळायला काय हरकत आहे, असं कुणी म्हटलं तर हे एवढं सांगा.

कोकणकडा आत वळलेला आहे. काठावर उभं राहिल्यावर पायाखाली कातळ आहे असं वाटतं, पण खाली पोकळी असते. वाराही खालून वर येतो आणि तोल चाळवतो. काठापासून दहा पावलांवर बसायची रेषा ठरवा. पुढे जायचं ते पाच-पाच जणांनी, सॅक मागे ठेवून, पोटावर सरकत, आणि शेजारी एक कार्यकर्ता बसलेला. खाली कोकणात ढग आणि मागून ऊन असेल तर गोल इंद्रधनुष्य दिसायची शक्यता असते. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने ते इथे पाहिल्याची नोंद आहे. त्याला इंद्रवज्र म्हणतात. सगळ्यांना दिसावं म्हणून रांग लावा, गर्दी करू नका.

९. बिघडलं तर

*आग्या मोहोळ.* गडांवर मोठ्या अपघातांइतकाच हा खरा धोका आहे. अत्तर, डिओ, धूर आणि आरडाओरडा टाळा. माश्या उठल्याच तर डोकं-तोंड कापडाने झाकून, हात न झटकता, लवकर लांब जायचं. पण कड्याकडे किंवा आडव्या वाटेवर धावायचं नाही. काटे नखाने खरवडून काढा. श्वास लागणं, ओठ किंवा चेहरा सुजणं, चक्कर दिसली तर घरगुती उपाय नको, थेट दवाखाना.

*साप.* नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप आपल्याकडे आहेत. चावल्यास तो भाग हलू देऊ नका, अंगठी-घड्याळ काढा, वेळ लिहून ठेवा, माणसाला चालवू नका, उचलून न्या. आवळून बांधणं, चिरणं, चोखणं यातलं काहीही करायचं नाही. साप मारून सोबत न्यायची गरज नसते. राजूर आणि कोतूळ ही जवळची मोठी गावं. तिथल्या सरकारी दवाखान्यात सापाच्या विषावरची लस आहे का, हे ट्रेकच्या आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवा.

*मुरगळलेला पाय.* बूट काढू नका, वरूनच क्रेप पट्टी बांधा. बूट काढला की सुजेमुळे पुन्हा चढत नाही. पाय टेकवता येत नसेल तर उचलायची तयारी करा. दोन बांबू आणि दोन जाड जॅकेटांची डोली होते, पण उचलायला आठ जण लागतात, आलटूनपालटून. उतरायला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट वेळ धरा आणि गावकऱ्यांना लगेच निरोप द्या. त्यांच्या मेहनतीचे पैसे न मागताही द्या.

*माणूस सापडत नाही.* सगळा गट एका जागी बसवा. शोधायला दोघं-दोघं वाटाड्यासोबत, परतायची वेळ ठरवून. सगळ्यांनी चारी दिशांना पांगलं तर हरवलेले पाच होतात.

फोन: ११२ सर्वसाधारण मदत, १०८ रुग्णवाहिका, आणि गिर्यारोहकांच्या महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरची मदतवाहिनी ७६२०२३०२३१. गडावर नेटवर्क भरवशाचं नाही, म्हणून रेंज कुठे मिळते हे वाटाड्याला विचारून ठेवा. या सहांखेरीज आणखी एक कार्यकर्ता शहरात घरी थांबवा. त्याच्याकडे पूर्ण यादी आणि एक वेळ असेल: संध्याकाळी ७ पर्यंत ‘सगळे गावात उतरले’ हा फोन आला नाही तर तो आधी गावातल्या यजमानांना, मग पोलिसांना फोन करेल. पालकांना अफवांऐवजी एकाच माणसाकडून माहिती मिळते, हा त्याचा दुसरा उपयोग.

शौचासाठी पठारावर जावं लागलं तर पाण्यापासून साठ-सत्तर पावलं लांब, खुरप्याने वीतभर खड्डा, नंतर माती. कागद आणि पॅड पिशवीत घालून परत आणायचे. वर्तमानपत्रात गुंडाळून सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवले की संकोच होत नाही. मुलींना हे मॅडमनी किंवा गटप्रमुख मुलीने आधीच सांगावं.

१०. परतल्यावर

बस रात्री साडेदहा-अकराला पोचेल. कोण कसं घरी जाणार हे शनिवारीच लिहून घ्या. ज्यांची सोय नाही त्यांच्यासाठी रिक्षा आधी ठरवा. प्रत्येकाने घरी पोचून आपला आकडा गटावर टाकायचा, १ ते ३०. तिसावा आकडा येईपर्यंत कार्यकर्त्यांनी जागं राहायचं.

तीन दिवसांत हिशेब पावत्यांसह सूचनाफलकावर लावा आणि उरलेले पैसे परत करा. प्रथमोपचार पेटीतून काय वापरलं ते भरून ठेवा, म्हणजे पुढच्या ट्रेकच्या आदल्या रात्री दुकान शोधावं लागत नाही. आणि क्लबच्या वहीत दोन पानं लिहा: कुठल्या थांब्यावर किती वाजता पोचलो, पाणी कुठे होतं, गावात कुणाकडे उतरलो, कुठे उशीर झाला आणि कशामुळे. शेवटी चालणाऱ्या कार्यकर्त्याला ती पानं आधी लिहू द्या. मग इतरांनी त्यात भर घालावी.